डाव्या तक्त्यातला माणूस

६ फेब्रुवारी
हॉस्पिटल, भाजलेल्यांचा वॉर्ड

वहिनी,

फोन केला की दादा उचलतो. तू घेतलास तरी तो शेजारी उभा असतो, हे मला तुझ्या आवाजावरून कळतं. "हो, हो, बघू" यापलीकडे तू जात नाहीस. म्हणून पत्र लिहिते आहे, आणि तुझ्या माहेरच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुझी आई गुपचूप देईल.

यांचं आधी सांगते. चेहऱ्याच्या पट्ट्या काढल्या. डोळे वाचले. दोन्ही हात कोपरापर्यंत अजून बांधलेले आहेत. सकाळी ड्रेसिंगला नेतात तेव्हा मी जिन्यात जाऊन बसते, कारण हे ओरडत नाहीत. ओरडले असते तर मी दारात उभी राहू शकले असते. झोपेत मात्र फिटरला हाका मारतात. वाफ फुटली तेव्हा तो यांच्या पुढे हातभर अंतरावर होता. तो जागच्या जागी गेला ते यांनी पाहिलं आहे.

काल कारखान्यातून एक माणूस आला, फळं घेऊन. पिशवी खाली ठेवायच्या आत विचारतो, "तुमचे मिस्टर बॉयलर हाऊसमध्ये कशाला गेले होते?"

मी म्हटलं, "कामाला. आणखी कशाला जातात तिथे?"

"तिथे काम करणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव नाही. ते पॅकिंगचे."

म्हणे परवानगी नसताना आत शिरून यांनी व्हॉल्व्ह फिरवला आणि त्यात फिटरचा जीव गेला. फिटरच्या बायकोलाही हेच सांगून आलाय.

पॅकिंगमध्ये यांना दादानेच चिकटवलं, हे खरं. पण बॉयलरवरचा जुना माणूस सोडून गेला तेव्हा यांना तिकडे ढकललं ते कारखान्यानेच. दिवाणखान्यात पाहुण्याला बसवावं तसं रोज त्या भट्टीपुढे बसवलं. आणि आता म्हणतात, हा कोण?

तू तिथे कॉम्प्युटरवर बसतेस. याद्या तूच काढतेस. तर मला सांग, माझा नवरा यादीतून गेला कुठे?

बारकी

*

१३ फेब्रुवारी

प्रिय बारके,

पत्र आईने भाजीच्या पिशवीत घालून दिलं. भावोजींचे डोळे वाचले हे वाचून मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं आहे. जरा किचकट आहे, पण तू डोक्याने माझ्यापेक्षा तल्लख आहेस, तेव्हा ऐक.

डेटाबेसमध्ये सगळी माहिती एका जागी नसते. वेगवेगळे तक्ते असतात. एका तक्त्यात बॉयलरच्या पाळ्या आहेत: कोण, कुठल्या दिवशी. दुसऱ्यात प्रशिक्षण आहे: कोणी, कधी पुरं केलं. यादी हवी तर दोन्ही तक्ते जोडावे लागतात. त्याला जॉइन म्हणतात, आणि सगळी गोम आहे ती कुठला जॉइन निवडायचा यात.

समारंभाचं बोलावणं करताना 'जोडीनेच या' म्हटलं की तुमच्या धाकट्या मावशीसारखी एकटी बाई आपोआप गळते. तिला 'येऊ नका' असं कोणीच म्हणत नाही, आणि ती आली नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही. हा इनर जॉइन. दोन्ही तक्त्यांत नाव असेल तोच माणूस येतो. आणि 'सगळ्यांनी या, जोडीदार असेल तर त्यालाही आणा' म्हटलं की मावशी येते, फक्त तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहते. हा लेफ्ट जॉइन. डाव्या तक्त्यातला एकही माणूस गळत नाही. उजवीकडे त्याचं काही नसेल तर त्याच्यासमोर रिकामी जागा दिसते.

आमची क्वेरी, म्हणजे यादी काढायचा हुकूम, माझ्या आधीच्या माणसाने लिहून ठेवलेली आहे. मी दर महिन्याला बटण दाबते, यादी निघते, माझ्या नावाने वर जाते. परवा पहिल्यांदाच ती उघडून वाचली. मला वाटलं होतं इनर जॉइन सापडेल. पण तिथे लेफ्टच होता. मग भावोजी का नाहीत? शेवटच्या ओळीपाशी गेले तेव्हा कळलं. तिथे एक अट घातली होती: गेल्या वर्षभरात प्रशिक्षण झालेलेच ठेवा. रिकाम्या जागेला तारीख कुठून येणार? म्हणजे पुढच्या दाराने सगळ्यांना आत घेतलं आणि मागच्या दाराने नको त्यांना बाहेर काढलं. नाव लेफ्टचं, करणी इनरची. ही अट तक्ते जोडतानाच घालायची असते, जोडून झाल्यावर नाही.

मी ती उचलून तिच्या जागी ठेवली आणि क्वेरी पुन्हा चालवली. भावोजी आले, बारके. त्यांची प्रत्येक पाळी आली, त्या दिवसाचीसुद्धा. समोर प्रशिक्षणाची जागा रिकामी. त्यांच्यासारखे आणखीही बरेच जण निघाले.

म्हणजे भावोजी घुसले नव्हते. कारखान्याने त्यांना काही न शिकवता तिथे उभं केलं होतं. बाहेरून चौकशी अधिकारी नेमला आहे. त्याच्याकडे जाणारे कागद सुरक्षा विभागाच्या साहेबांमार्फत जातात. ही यादी मी दोन दिवसांत साहेबांच्या हातात देते. माणूस शांत आहे, ऐकून घेतो. तुझ्या दादाला यातलं काही बोललेले नाही. तो म्हणेल, तुला कोणी सांगितल्या होत्या या नसत्या उठाठेवी.

काळजी करू नकोस. यातून चांगलंच होईल.

तुझी वहिनी

*

१७ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र आत्ता मिळालं, आत्ताच लिहिते आहे. खाली पोस्टाची पेटी उघडायच्या आत टाकायचं आहे, म्हणून अक्षराला हसू नकोस.

यांना वाचून दाखवलं. मावशीची खुर्ची यांना लगेच कळली. म्हणाले, "खरं आहे. मला वर्गात कोणी बसवलं नाही. जे शिकलो ते फिटरकडून. तो म्हणायचा, काट्याकडे बघू नकोस, आवाजाकडे कान ठेव."

मग म्हणाले, "वहिनींना सांग, ती यादी साहेबांना देऊ नका. चौकशीवाला येईल तेव्हा सगळ्यांसमोर त्याच्याच हातात द्या."

मी विचारलं, का?

"पाळी लावणाऱ्या कागदावर सही साहेबांचीच असते."

तेव्हा थांब. यादी छापून तुझ्या आईकडे ठेव. साहेब शांत आहेत म्हणतेस. मांजरसुद्धा शांतच बसलेलं असतं.

बारकी

*

२५ फेब्रुवारी

बारके,

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा यादी देऊन झाली होती. सगळं जसं घडलं तसं सांगते.

साहेबांनी बसायला सांगितलं, चहा मागवला. कागद दोनदा वाचला. म्हणाले, "ही नावं आधी का दिसत नव्हती?" मी त्यांना जॉइन समजावला. कोऱ्या कागदावर दोन गोल काढून दाखवले. इतकं मन लावून माझं बोलणं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. तुझ्या दादाने तर नाहीच.

"म्हणजे त्यांची पाळी आहे, पण प्रशिक्षणाच्या तक्त्यात त्यांची ओळ नाही?"

"हो साहेब."

"एक ओळ."

"हो."

"छान समजावलंत," म्हणाले. मी खुशीत जागेवर आले.

चौकशीवाल्यासाठी दुसरी प्रत हवी होती म्हणून दोन दिवसांनी तीच क्वेरी पुन्हा चालवली. भावोजींच्या समोरची जागा रिकामी नव्हती. तिथे तारीख होती, १२ नोव्हेंबर. बाकीच्यांच्या जागा रिकाम्या त्या रिकाम्याच. मी पुन्हा पुन्हा तपासलं. क्वेरी बरोबर होती, जॉइनही बरोबर होता. तक्त्यात जे असेल ते जॉइन आणून देतो. तिथे कोणी काय घालावं हे त्याच्या हातात नसतं, आणि माझ्याही.

१२ नोव्हेंबर म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. बाबा गेले तो दिवस. साहेबांना ते ठाऊक नसणार. त्या दिवशी कारखान्यात खरोखरच एक वर्ग भरला होता, त्याच्या शेपटाला त्यांनी भावोजींना बांधलं, इतकंच.

मला वाटलं, अजून एक वाट आहे. प्रशिक्षणाचा तक्ता डावीकडे घ्यायचा आणि हजेरीचा उजवीकडे. वर्गाला बसला पण त्या दिवशी कामावरच नव्हता, असा माणूस समोर आला असता. पासवर्ड टाकला, तर चालेना. दुपारी शिपायाने लिफाफा आणून दिला. माझी बदली वजनकाट्यावर झाली आहे. आता मी आत येणाऱ्या ट्रकची वजनं लिहिते. खिडकीला काच नाही. दिवसभर धूळ खाते.

पहिली छापलेली यादी माझ्याकडे आहे, पण साधा कागद आहे. कोणीही छापेल.

भावोजींना इतक्यात सांगू नकोस.

वहिनी

*

२ मार्च

वहिनी,

सांगितलं. माझ्या तोंडावरूनच त्यांनी ओळखलं.

तू फार हुशार आहेस. आमच्या घरात तुझ्याइतकं शिकलेलं कोणी नाही, बाबा ते चारचौघांत सांगायचे. पण कपडा फाटलाय कुठे, हे शिवणाऱ्याला दाखवायचं असतं. तू ओढणाऱ्याला दाखवलंस. वर त्याला समजावून आलीस, चहा पिऊन.

यादीत नव्हते तेव्हा निदान विचारता तरी आलं असतं, की मग पाळी कोणी लावली? आता यादीत आहेत, शिकलेले आहेत, आणि शिकूनसवरून चुकलेले आहेत. तुझ्या त्या चुकीच्या जॉइनने माझ्या नवऱ्याला नाहीसं केलं होतं. बरोबरच्या जॉइनने त्याला गुन्हेगार केलं. दोन्हींत मला कुठलं परवडलं असतं, ते तुझं तू ठरव.

काल फिटरची बायको इथे आली होती. वॉर्डात सोडेनात, म्हणून जिन्यात उभी राहिली. मला वाटलं शिव्या देईल. ती म्हणाली, "माझा माणूस तुझ्या माणसाला धाकटा भाऊ म्हणायचा. डबा उघडला की आधी त्याच्यापुढे धरायचा." एवढंच बोलली आणि खाली गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता कामाचं. मशीन, तक्ते सोड. १२ नोव्हेंबरला हे कुठे होते ते माणसांना माहीत आहे. पहाटे दादाचा फोन आला तेव्हा हे माझ्याआधी धावत सुटले. लिफ्ट बंद होती. बाबांना स्ट्रेचरवरून चार मजले खाली आणलं ते या दोघांनी, पुढे दादा आणि मागे हे. वळणावर दादाचा पाय सरकला तेव्हा सगळा भार यांनी घेतला. दिवस मावळेपर्यंत हे दादाच्या बाजूला होते. दादाने चौकशीच्या सुनावणीत एवढं एकच वाक्य सांगायचं: तो दिवसभर माझ्याबरोबर होता.

मला यायला जमणार नाही. सुनावणीच्या दिवशीच यांच्या हातांवर कातडी लावायचं ऑपरेशन आहे.

लग्नानंतर मी दादाकडे कधी काही मागितलेलं नाही, हे तुला माहीत आहे. आता मागते आहे.

बारकी

*

२९ मार्च

बारके,

निकाल तुला कळला असेलच. 'प्रशिक्षित कर्मचाऱ्याची चूक.' पुढचा खटला त्यावरच उभा राहणार. पण त्या खोलीत काय झालं ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळावं असं मला वाटत नाही. आठ दिवस कागद पुढे घेऊन बसते आणि उठते.

सुनावणी कॅन्टीनमध्ये होती. टेबलं जोडून त्यावर हिरवं कापड घातलं होतं. चौकशी अधिकारी, साहेब, एक लिहून घेणारा. भिंतीशी फिटरची बायको बसली होती.

तुझं पत्र मी तुझ्या दादाला वाचून दाखवलं होतं. ऐकून तो मान खाली घालून म्हणाला होता, "सांगेन. सांगायलाच हवं." मी त्यावर विसंबले.

अधिकाऱ्याने विचारलं, "१२ नोव्हेंबरला तुमच्या बहिणीचे यजमान कुठे होते?"

तुझा दादा म्हणाला, "त्या दिवशी आमचे वडील गेले. ते आले होते. कधी आले ते नक्की सांगता येणार नाही. संध्याकाळी होते."

"सकाळी?"

"मी वडिलांजवळ होतो. कोण आलं, कोण गेलं, माझं लक्ष नव्हतं."

वर्ग सकाळचा होता.

मला कोणी बोलावलेलं नव्हतं. मी उठले. म्हटलं, मी होते तिथे, त्यांनी स्ट्रेचर उचललं ते मी पाहिलं, हजेरीचा तक्ता मागवा. साहेब शांतपणे म्हणाले, "वर्गाला बसलेल्यांची हजेरी वेगळ्या कागदावर असते. तो सोबत जोडला आहे." मग मी माझी पहिली यादी पुढे केली. अधिकाऱ्याने तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले.

"दर महिन्याची यादी तुमच्याच नावाने जाते ना? तिच्यात हा माणूस नाही. या दुसऱ्या यादीत आहे पण शिकलेला नाही. तिसरीत शिकलेला आहे. मशीन एकच, बाई तीच, आणि उत्तरं तीन. यातलं तुमचं खरं कुठलं?"

मी सांगायला लागले की अट कुठे घातली यावर जॉइन बदलतो. लेफ्ट म्हणजे काय ते सांगत होते. त्याने पेन खाली ठेवलं. "मला जॉइन नको आहेत. तुम्ही त्यांच्या कोण लागता?"

"त्यांच्या बायकोची भावजय."

लिहिणाऱ्याने तेवढंच लिहून घेतलं.

बाहेर येताना फिटरच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. तिच्या लेखी मी खुन्याची नातेवाईक.

घरी आल्यावर तुझा दादा हातपाय धुऊन जेवायला बसला. मी वाढलं नाही. म्हटलं, "का असं केलंत?"

"साहेबांनी आदल्या दिवशी बोलावलं होतं. तुझं वजनकाट्यावर झालंच आहे. उद्या मलाही काढलं तर बारकीकडे कोण बघणार?"

"म्हणजे बारकीसाठी खोटं बोललात."

"खोटं बोललो नाही," म्हणाला. "संध्याकाळी तो होताच."

मग स्वतःच उठून वाढून घेतलं आणि जेवला. पोटभर जेवला, बारके. हे मी विसरणार नाही. त्या दिवसापासून आमच्यात 'दार लावा' आणि 'गॅस संपला' याखेरीज बोलणं नाही. पण मी हे घर सोडून गेलेले नाही, तेव्हा माझ्याबद्दल फार चांगला विचार करू नकोस.

तू लिहिलंस ते बरोबर होतं. यादी मी आजही तशीच काढीन, कारण खरी यादी तीच होती. फक्त ती कोणाच्या हातात द्यायची, हे आधी भावोजींना विचारीन. ते मला कुठल्या पुस्तकात शिकवलं नव्हतं.

माफी मागत नाही. तू देऊही नकोस.

वहिनी

*

९ एप्रिल

वहिनी,

यांचा उजवा हात बरा आहे. चमचा धरता येतो, बटण लावता येत नाही. डाव्या हाताची कातडी एका जागी धरलेली नाही, तिथे पुन्हा करावं लागेल. नोकरी गेल्याचा कागद आला. खटल्याची पहिली तारीखही आली आहे. एक वकील बाई बघते म्हणाल्या आहेत. त्यांनी तुझी पहिली यादी मागितली. तुझ्या आईकडे असेल तर पाठव. साधा कागद असला तरी पाठव.

तुझं पत्र मी जिन्यात बसून वाचलं आणि तिथेच फाडलं.

ऑपरेशनच्या गुंगीतून बाहेर आल्या आल्या यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "दादा काय म्हणाला?" तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं, म्हणून म्हटलं, अजून कळलं नाही. निकालाचा कागद इथे उशिरा पोचला, तेव्हा पुन्हा विचारलं. तोवर तुझं पत्र वाचून झालं होतं.

मी म्हटलं, दादाला कंपनीच्या कामाला बाहेरगावी पाठवलं होतं. सुनावणीची तारीख त्याच्यापासून लपवली. तो आलाच नव्हता.

यांनी लगेच विश्वास ठेवला. वर मलाच समजावायला लागले. म्हणाले, "साहेबाला ठाऊक होतं, तो आला असता तर एका वाक्यात निकाल लागला असता." आता नर्सला, शेजारच्या कॉटवाल्याला, जो भेटेल त्याला हेच सांगतात: माझा मेहुणा नव्हता हो त्या दिवशी, तो असता तर बघायला नको होतं. वकील बाईंनाही सांगितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी सुनावणीचे कागद वाचले आहेत.

खरं सांगितलं नाही त्याचं कारण मी स्वतःला असं दिलं की डॉक्टरांनी ताण देऊ नका म्हटलं आहे. ते काही खरं कारण नाही. माझं माहेर आता यांच्या डोक्यात आहे तेवढंच शिल्लक आहे. तिथे दादा अजून स्ट्रेचरच्या पुढच्या बाजूला आहे. तेही पुसलं तर मी जाऊ कुठे?

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. पण तू उठून उभी राहिलीस, हे मी वाचलं आहे.

एक काम आहे. हे आता फोन धरू शकतात. दोन दिवस झाले, दादाशी बोलायचं म्हणून मागे लागले आहेत. 'तू नव्हतास, वाईट वाटून घेऊ नकोस' असं त्याला सांगायचं आहे. मी फार दिवस थांबवू शकणार नाही. फोन आला की तूच उचल आणि दादाच्या हातात दे. त्याला सांगून ठेव, की तो बाहेरगावी होता. गावाचं नाव विचारलं तर कुठलंही सांगू दे. तेवढं खोटं त्याला जमेल.

बारकी